नानांची ड्युटी: गंगापूर रोडकडच्या डे केअरचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी स्टार सांगून टाकते, साडेतीन. अर्धा देता येत नाही म्हणून चार दाबलेत. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तक्रारी पण लिहिणारे आणि चालवणारी माणसं वाईट नाहीत, उगाच कोणाच्या पोटावर पाय कशाला. ज्यांच्या घरात असं माणूस आहे ते दोन फोन फिरवून शोधतीलच, नाशकात अशा जागा आहेतच किती. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसा सांभाळणारं सेंटर आहे, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेचार, रविवारी बंद. वृद्धाश्रम नाही हे पहिल्यांदाच सांगते, कारण माझ्या नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवरच रडायला लागली की तुम्ही नानांना आश्रमात टाकताय. अगं बाई रात्री माणूस घरीच असतो. रात्री तर खरी मजा असते.

नाना म्हणजे माझे सासरे, वय ७९, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून २००६ ला रिटायर. बाहेरच्यांसाठी सांगते, ही प्रेस १९२८ पासूनची आहे आणि आमच्या जेल रोडला दर तिसऱ्या घरात कोणीतरी प्रेसवाला निघतोच. नानांची शेवटची बरीच वर्षं तपासणी आणि मोजणीत गेली. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, एक नोट इकडची तिकडे झाली तर कोणी घरी जायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस किराणावाल्याने दिलेले सुट्टे पैसे न बघता नुसत्या बोटांनी मोजायचा आणि कमी असले की तिथेच सांगायचा, "दोन रुपये द्या अजून." दुकानदार टरकून असायचे.

तर २०२१ ला सासूबाई गेल्या आणि नाना गप्प झाले. सगळे म्हणाले धक्का बसलाय, होतं असं, वेळ जाऊ द्या. आम्ही पण वेळ जाऊ दिला, दीड वर्ष. तेवढ्यात एकच गोष्ट चार वेळा विचारणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, पेन्शनचं पासबुक कोणीतरी चोरलं म्हणून कामवाल्या मावशींवर आळ घेणं (पासबुक तांदळाच्या डब्यात सापडलं), हे सगळं सुरू झालं होतं पण आम्ही प्रत्येक वेळी आईंच्या जाण्यावर खपवत राहिलो. झोप लागत नाही म्हणून जवळच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि मग तर नाना दिवसा पण गुंगीत, एकदा बाथरूममधे पडले. नंतर कळलं की झोपेच्या त्या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो आणि तोल जातो. कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

शेवटी २०२३ च्या दिवाळीनंतर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा रिव्ह्यू हा नाहीये तरी दोन गोष्टी लिहिते कारण कोणाच्या तरी उपयोगी पडतील. एक म्हणजे त्यांनी लगेच अल्झायमर असं लेबल नाही लावलं. आधी बी १२, थायरॉईड, सोडियम, साखर हे सगळं रक्तातून बघितलं, मग एमआरआय, आणि डिप्रेशनचे प्रश्न वेगळे विचारले, कारण म्हातारपणातलं डिप्रेशन कधी कधी हुबेहूब विसराळूपणासारखं दिसतं आणि ते औषधाने सुधारतं. नानांचं बी १२ खरंच कमी निघालं, शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की ते कमी होऊ शकतं म्हणे. इंजेक्शनं दिली, पायातल्या मुंग्या कमी झाल्या, विसरणं तसंच राहिलं. एमआरआयमधे आठवणींचा भाग आक्रसलेला आणि बारीक बारीक जुने झटके येऊन गेल्याच्या खुणा, म्हणजे अल्झायमर आणि सोबत थोडा रक्तपुरवठ्याचा प्रकार असं मिश्रण. अशा सगळ्या विसरण्याच्या आजारांना मिळून डिमेन्शिया म्हणतात.

दुसरी गोष्ट ती परीक्षा. तीस मार्कांची असते, आज वार कोणता, तीन शब्द लक्षात ठेवा, हे चित्र बघून काढा, वगैरे. त्यात एक प्रश्न होता शंभरातून सात वजा करत जा. नाना म्हणाले त्र्याण्णव. मग थांबले. मग परत त्र्याण्णव. मग माझ्याकडे बघून हसले, कसंनुसं. ज्या माणसाने आयुष्यभर शंभराचा हिशोब केला तो शंभरातून पुढे जाईना. मी खिडकीकडे बघत बसले. तीसपैकी एकोणीस मिळाले. नंतर घड्याळ काढायला लावलं तर बारा आकडे सगळे उजव्या बाजूला, एकाखाली एक, यादी केल्यासारखे.

डोनेपेझिल सुरू झालं, आधी ५ चं मग १० चं, दहावर गेल्यावर जुलाब आणि मळमळ, परत पाचावर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे बरं करणारं औषध नाही, काही लोकांना थोडे दिवस थोडं बरं जातं एवढंच. आवडलं मला असं तोंडावर सांगणारं माणूस.

मग एके दिवशी पहाटे साडेपाचला दार उघडं. नाना नाहीत. ह्यांनी स्कूटर काढली, मी आणि लेक पायी, मुक्तिधामपर्यंत सगळं पालथं घातलं. साडेसातला फोन आला, प्रेसच्या गेटवरून. इस्त्रीचा शर्ट उलटा घालून, हातात रिकामा डबा घेऊन नाना ड्युटीवर हजर झाले होते. गेटवरच्या जवानांनी बसवलं, चहा दिला, खिशात माझ्या नवऱ्याचं जुनं व्हिजिटिंग कार्ड होतं म्हणून नंबर मिळाला. त्या दिवसापासून दाराला वरच्या बाजूला कडी आणि नानांच्या हातात नाव, नंबर कोरलेलं स्टीलचं कडं. जीपीएसचं घड्याळ पण आणलं होतं, ते नानांनी काढून देवघरात ठेवलं. रोज काढून ठेवतात, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता सेंटरकडे येते. त्याच्याआधी दोन प्रयोग फसले. ब्युरोकडून घरी माणूस ठेवला, बारा तासांचे आठशे रुपये रोज, पाच महिन्यांत सहा माणसं बदलली, एक तर दुपारी नानांना टीव्हीसमोर बसवून स्वतः मोबाईलमधे. त्यांची पण पूर्ण चूक म्हणत नाही, पेठ सुरगाण्याकडची लहान लहान मुलं असतात, कोणी काही शिकवलेलं नसतं, आणि नाना ओरडले की घाबरतात. दुसरा प्रयोग म्हणजे दुसरंच एक सेंटर. तिथे सगळ्या आजी आजोबांना अर्धगोल बसवून टाळ्या वाजवत बालगीतं म्हणायला लावायचे आणि रंगीत खडूने सफरचंद रंगवायला द्यायचे. नाना दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी शाळेत जाणार नाही." बरोबर होतं त्यांचं. आमच्या घरचा माणूस होता तो, बालवाडीतला मुलगा नव्हता.

ह्या सेंटरला गेलो तेव्हा मॅडमनी पहिला अर्धा तास नानांच्या आजाराबद्दल एक शब्द नाही विचारला. काय काम करायचे, कितीला उठायचे, चहा कसा, कोणाशी पटायचं नाही, गाणी कोणती, देव कोणता, कोणत्या शब्दाला चिडतात, असे चार पानी प्रश्न. मला वाटलं हे सगळं फॉर्म भरायचं नाटक. पहिला दिवस फक्त दोन तास, मी बाहेर बाकावर. नाना आत अस्वस्थ, येरझाऱ्या, दार कुठेय, मला जायचंय. तिथली एक ताई आली आणि तिने टेबलावर कोऱ्या कागदांचे कापलेले गठ्ठे ठेवले, साधारण नोटेच्या आकाराचे, आणि म्हणाली, "नाना, हे शंभर शंभरचे लावायचेत, मला जमत नाहीये हो."

मी जाळीतून बघत होते. नानांनी खुर्ची ओढली. गठ्ठा हातात घेऊन टेबलावर दोन्ही बाजूंनी ठोकून सरळ केला, डाव्या हातात दुमडून धरला, उजव्या अंगठ्याने कोपरा उचलला आणि ती बोटं सुटली. तोंडाने नाही मोजत, ओठ पण हलत नाहीत, फक्त कागदाचा फरफर आवाज. एक गठ्ठा, दुसरा, तिसरा. तिसरा बाजूला ठेवून म्हणाले, "दोन शॉर्ट आहेत. परत पाठवा." ताईने मोजला. तिला दोनदा मोजावा लागला. अठ्ठ्याण्णव.

शंभरातून सात वजा न करता येणारा माणूस. मॅडमनी नंतर समजावलं की हातांना लागलेली सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठते आणि ह्या आजारात ती बरीच उशिरापर्यंत टिकते, म्हणून बोलायला शब्द न सापडणारी आजी पोळी मात्र गोल लाटते. तिथे एक आजी आहेत त्यांना मुलाचं नाव आठवत नाही पण ताटभर शेंगा सोलून, निवडून, वाटाणे वेगळे, सालं वेगळी, अशा करतात की बघत राहावं. एक रिटायर्ड कंडक्टर काका आहेत, ते सगळ्यांना जेवणाचे टोकन देतात आणि पुढे सरका म्हणतात. इथे कोणालाही रंगवायला सफरचंद मिळत नाही, आणि माझे चारातले दोन स्टार एवढ्यालाच आहेत.

तेव्हापासून नाना सेंटरला जात नाहीत, ड्युटीला जातात. आम्ही रिक्षावाले ठरवलेत, त्यांना सगळं सांगितलंय, ते दारात येऊन हॉर्न न वाजवता आवाज देतात, "चला साहेब, उशीर होतोय." एक तारखेला नाना पगार विचारतात. पहिल्यांदा ह्यांनी सांगितलं, नाना तुम्ही रिटायर झालात, आई पण गेली, तर नाना तासभर रडले, आई गेल्याचं त्यांना त्या क्षणी नव्याने कळलं होतं. दुसऱ्या दिवशी विसरले, आम्ही नाही विसरलो. मॅडमचा सल्ला साधा होता, दुरुस्त करत बसू नका, भावना धरा आणि विषय पुढे न्या. आता पाकिटात दहा रुपयांच्या दहा नोटा घालून देतो. मोजतात, खिशात ठेवतात, संध्याकाळी विसरतात, आम्ही परत काढून ठेवतो, पुढच्या महिन्याला त्याच नोटा. एकदा त्यात नंबरात चांदणी छापलेली नोट आली तर नानांनी लेकाला अर्धा तास समजावलं की खराब निघालेल्या नोटेच्या जागी ही घालतात, ही पद्धत त्यांच्या रिटायरमेंटच्या वर्षी सुरू झाली, त्याच्याआधी त्याच नंबरची नोट परत छापायला लागायची, फार कटकट. एकदम करेक्ट. आणि मग विचारलं, "मी जेवलो का?"

आता तो प्रसंग ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला खरं तर. ऑगस्टमधे नानांचं दोन दिवसांत सगळंच बिघडलं. भिंतीवर माणसं दिसतात, मला मारायला आलेत, रात्रभर जागे, दिवसा पेंगलेले, मधेच अर्धा तास अगदी नॉर्मल, परत तेच. आम्ही म्हटलं झालं, आजार वाढला, आता पुढची पायरी. नवरा तर बेडची चौकशी करायला लागला. सेंटरमधल्या नर्सबाईंनी नानांना बघून दहा मिनिटांत मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, डिमेन्शिया दोन दिवसांत असा उडी मारत नाही. लघवी तपासा आजच्या आज." ताप नव्हता, जळजळ होते असं नानांनी सांगितलं नव्हतं, ते सांगणार तरी कसे. रिपोर्टमधे लघवीचं इन्फेक्शन निघालं, अँटिबायोटिक सुरू झालं, पाणी वाढवलं, आणि आठवड्याभरात भिंतीवरची माणसं गेली. ह्याला डिलिरियम म्हणतात, अचानक येतं आणि दिवसात वरखाली होतं, कारण बहुतेक वेळा मेंदूबाहेर असतं, इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, ऑपरेशननंतर वगैरे. घरातलं कोणी एकदम बदललं तर म्हातारपण म्हणून सोडू नका, तपासा. त्या नर्सबाई नसत्या तर आम्ही नानांना शांत करायच्या गोळ्या देऊन झोपवून ठेवलं असतं आणि त्या गोळ्या ह्या आजारात जपूनच द्यायच्या असतात हे पण मला तेव्हाच कळलं. एक स्टार पूर्ण त्यांचा.

कानाचं पण तिथेच सुटलं. नाना ऐकत नाहीत म्हणून आम्ही ओरडायचो, ओरडलं की ते चिडायचे. मॅडम म्हणाल्या आधी कान तपासा. मळ निघाला मूठभर, मशीन पण लागलं. २०२४ मधे लॅन्सेटच्या कमिशनने डिमेन्शियाची चौदा टाळता येण्यासारखी कारणं सांगितली त्यात ऐकू कमी येणं आहे, बीपी आणि शुगर आहे, एकटेपणा आहे, शिक्षण कमी असणं पण आहे. हे सगळं आधी सांभाळलं तर जवळजवळ ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा पुढे ढकलता येतात असा त्यांचा अंदाज. नानांना आता त्याचा उपयोग नाही, पण ह्यांनी त्या रात्री स्वतःचं बीपी मोजलं, पहिल्यांदा, न सांगता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी नातेवाईकांची बैठक असते. चहा आणि चिवडा, फुकट. पहिल्या बैठकीला अकरा जण होतो, त्यात दहा बायका, सुना आणि लेकी. एक काका होते, ते स्वतःच्या बायकोला सांभाळतात, सगळ्यात शांत तेच. मुलगे कुठे असतात देवाला ठाऊक, बहुतेक पार्किंगमधे. तिथे मॅडमनी सांगितलं की २०२३ मधे आलेल्या देशभरच्या मोठ्या अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे ८८ लाख माणसं. मी मनात म्हटलं, आणि त्यांच्यामागे ८८ लाख सुना. त्या बैठकीत मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले की मला कधी कधी नानांचा राग येतो, इतका येतो की हात उचलावासा वाटतो आणि मग रात्री स्वतःची लाज वाटते. कोणी दचकलं नाही. समोरच्या एक मावशी फक्त म्हणाल्या, "मी एकदा उचलला पण." आणि चहा ओतायला लागल्या.

ज्यांना बैठकीला जायला जमत नाही त्यांच्यासाठी सांगते, १४४१६ हा सरकारचा टेलीमानस नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, मी एकदा रात्री दोनला लावला होता आणि पलीकडच्या मुलीने वीस मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. म्हाताऱ्यांसाठी वेगळा १४५६७ पण आहे, तो सकाळी आठ ते रात्री आठ.

आता तक्रारी, कारण अर्धा स्टार कशात गेला ते सांगायलाच हवं (खरं तर दीड).

पहिली आणि सगळ्यात मोठी, वेळ. साडेचारला सोडतात. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना माहितीये की खरी गडबड दिवेलागणीला सुरू होते. उन्हं कलली की नाना पिशवी भरायला लागतात, "घरी जायचंय," म्हणतात, घरातच बसून. ह्याला सनडाउनिंग म्हणतात म्हणे. नेमक्या त्या वेळेला सेंटर बंद आणि माझी दहावीची शिकवणी चालू. मी दोनदा सुचवलं सातपर्यंत ठेवा, जास्तीचे पैसे देऊ, स्टाफ मिळत नाही म्हणाल्या. सध्या मी पाचलाच सगळे दिवे लावते, पडदे ओढते, सावल्या कमी पडल्या की नाना थोडे कमी घाबरतात, आणि त्यांना मेथी निवडायला देते. शिकवणीतल्या पोरांना पण सवय झालीये, "नाना किती जुड्या झाल्या?" विचारतात.

दुसरी, गाडी. त्यांची व्हॅन गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर करते. नाशिकरोडकडे येत नाही. म्हणजे आम्ही जेल रोडवरून उपनगर, द्वारका, मुंबई नाका करत रोज रिक्षाने, द्वारकेला कसा वेळ जातो हे नाशिककरांना सांगायला नको, त्यात सिंहस्थाच्या नावाने जिकडेतिकडे खोदून ठेवलंय. एकदा द्वारकेला पस्तीस मिनिटं अडकलो, नाना उतरून ट्रॅफिक हवालदाराला विचारायला निघाले की शिफ्ट का लावत नाही. महिन्याचे रिक्षाचे सहा हजार होतात. सेंटरची फी चौदा हजार, जेवणासकट. मेडिक्लेममधे यातलं एक रुपया बसत नाही, आमच्या पॉलिसीवाल्याने ॲडमिट नाही तर क्लेम नाही असं सांगून टाकलं. वीस हजार सगळ्यांना जमणार नाहीत हे मला कळतं, आमचंही नानांच्या पेन्शनमुळे जमतंय, म्हणजे एका अर्थाने नाना स्वतःच्या ड्युटीचा खर्च स्वतःच करतात.

तिसरी, फोटो. गणपतीत सगळ्यांना टोप्या घालून नाचवलं आणि त्याचं रील इन्स्टाग्रामवर टाकलं, न विचारता. माझ्या मावससासूने पुण्याहून फोन केला, नाना नाचतायत हो. नाना प्रेसमधे असताना घरच्यांना पण आतलं काही न सांगणारा माणूस, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी टोपीला हात लावू दिला नसता. मी भांडले. चार तासांत काढलं रील, माफी मागितली, आता संमतीचा कागद घेतात. पण तोपर्यंत झालं ते झालं ना. माणूस विसरतो म्हणून त्याची लाज संपत नाही.

बाकी बारीकसारीक. दाराला तीन पायऱ्या, रॅम्प नाही, कठडा एकाच बाजूला आणि तो पण हलतो. संडासात धरायची दांडी आहे पण डाव्या हाताला, उजव्या हातवाल्याला उपयोग शून्य. दुपारी भजनं फार मोठ्याने लावतात, मशीन घातलेल्या कानांना त्रास होतो, नाना मशीन काढून खिशात टाकतात. जेवण मात्र चांगलं, मऊ भात, घट्ट वरण, भाकरी दुधात कुस्करून, गिळायला त्रास असणाऱ्यांना वेगळं, आणि कोणालाही घाईने भरवताना मी पाहिलं नाही. चौदा जणांमागे चार बायका आणि एक दादा आहे, फिजिओवाले आठवड्यातून दोनदा. अंथरुणाला खिळलेल्यांना घेत नाहीत, आणि कोणी मारायला लागलं तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, ते ठीकच आहे.

नानांना फरक पडला का असं सगळे विचारतात. सुधारले का, असं विचारायचं असतं त्यांना. नाही. मागच्या महिन्यात परत तीस मार्कांची परीक्षा झाली, सोळा आले. गठ्ठे अजून मोजतात पण आता कधी कधी चाळीसच्या आसपास थांबतात, कागदाकडे बघतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. ताईने त्यांचे गठ्ठे गुपचूप पन्नासचे केलेत. नानांच्या लक्षात आलं नाही, का आलं आणि बोलले नाहीत, माहीत नाही. पण आठ महिन्यांत ते एकदाही पहाटे दार उघडून गेले नाहीत, झोपेची गोळी बंद आहे, आणि मी दुपारी दोन तास सलग झोपू शकते. माझ्यासाठी हे पुष्कळ आहे.

कोणाला जायचं असेल तर पहिल्या दिवशी सोबत नेण्यासाठी, एक जोडी जास्तीचे कपडे आतून नाव लिहून, चालू गोळ्यांचा कागद, चष्मा, कानाचं मशीन आणि त्यांच्या ओळखीची एखादी वस्तू. आम्ही नानांचा तो रिकामा डबा नेला होता, स्टीलचा, तीन पुडांचा. तो अजून तिथेच असतो त्यांच्या टेबलावर, भरलेला नसतो, पण न्यायला लागतो. शनिवारी अर्धाच दिवस असतो, एकला सोडतात, हे ते फोनवर सांगायला विसरतात, आम्ही पहिल्याच शनिवारी फसलो होतो, पोचलो तर नाना पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेले, मला बघून म्हणाले, "आज ओव्हरटाइम नाही दिला."